हाराखालची सही

आपल्या शाळेच्या सभागृहात व्यासपीठामागच्या भिंतीवर गुरुजींचे तैलचित्र आहे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे आणि पुस्तकावर ठेवलेला हात. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे ते चित्र आपल्या समोर होते. तरीही हात कशावर ठेवला आहे, असे दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर मला सांगता आले नसते. जयंतीचा दिवस मात्र लख्ख आठवतो. नववीतले कोणीतरी स्टुलावर चढायचे, शिपाईमामा खालून ओले फडके द्यायचे, चित्र पुसून झाले की झेंडूचा हार वर जायचा आणि उदबत्तीचा धूर थेट गुरुजींच्या चेहऱ्यावर.

स्नेहमेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा समितीकडून मला निरोप आला. "तू आयटीत आहेस ना? गुरुजींचं चित्र फार काळवंडलंय. मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. तू ते स्वच्छ करून दे, आपण मोठी प्रिंट काढून नवीन फ्रेममध्ये लावू. जुनं चित्र ठेवू आत कुठेतरी." मी लगेच हो म्हटले. काम तासाभराचे होते.

तो तास लांबला, कारण फोटो मोठा करून पाहताना उजव्या कोपऱ्यात खाली काही अक्षरे दिसली. हार जिथे टेकायचा, नेमकी तिथे. हाराच्या तारेने वर्षानुवर्षे घासून तिथला रंग उडाला होता. पुढची अक्षरे गेली होती. राहिले होते ते फक्त '...कर' आणि त्याखाली '१९६३'.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मी विचारले, "हे चित्र कोणी काढलं?" उत्तरे आली ती अशी : मुंबईहून मागवलं असेल. कुणीतरी देणगी दिली असेल. एकाने तर रविवर्म्याचे नाव घेतले. शाळेच्या जुन्या लेखनिकांना विचारले. त्यांनी आठवणीने १९६३ सालचा वार्षिक अहवाल काढून दिला. त्यात तैलचित्राच्या अनावरणाचा अर्धा पानभर वृत्तान्त आहे. अध्यक्ष कोण होते, प्रास्ताविक कोणी केले, ईशस्तवन कोणी म्हटले, आभार कोणी मानले, सारे आहे. चित्र कोणी काढले, ते नाही. माझ्या व्यवसायात प्रोग्रॅमची एकेक ओळ कोणी लिहिली आणि कधी बदलली, याची नोंद राहते. इथे एका माणसाचे महिनाभराचे काम साठ वर्षे भिंतीवर होते आणि त्याच्या नावाची नोंद एकाच ठिकाणी होती. तिच्यावरच आपण हार घालत होतो.

मला ही गोष्ट लागली, त्याला आणखी एक कारण होते. चार वर्षांपासून मी पुण्यात दर रविवारी तैलरंगात व्यक्तिचित्र काढायला शिकते आहे. बाई जे. जे. मध्ये शिकलेल्या, आता निवृत्त. पहिले दोन महिने त्यांनी मला ब्रश हातात धरू दिला नाही. कोळशाची कांडी, कागद आणि दोऱ्याला लोखंडी नट बांधून केलेला ओळंबा. ओळंबा समोर धरायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्याखाली नाकपुडी येते की ओठाचे टोक, ते पाहायचे. मी इंजिनिअर, मापात चुकणार नाही अशी माझी खात्री होती. पण माझ्या पहिल्या सगळ्या चेहऱ्यांत डोळे फार वर गेले. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत मोजले तर डोळे साधारण मध्यावर येतात. आपण कपाळाकडे आणि केसांकडे लक्षच देत नाही, म्हणून ते वर सरकतात. "अगं, तुला ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ," असे बाई दर रविवारी सांगायच्या.

एवढे शिकल्यावर हे कळत होते की गुरुजींचे चित्र हौशी माणसाचे काम नाही. मग प्रश्न पडला : १९६३ साली, आपल्या गावासारख्या गावात, जिथून कोल्हापूरला जायला एसटीने दीड तास लागतो, एखादा 'कर' हे कोणाकडून शिकला असेल? त्याचे नाव शोधण्यासाठी म्हणून मी वाचायला लागले आणि ही विद्याच आपल्याकडे कशी आली, ते वाचत गेले.

आपल्याकडे तैलरंगातले व्यक्तिचित्र पेशवाईत आले. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने त्याला दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने १७९२ साली काढलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचेही चित्र त्याने काढले. नाना फडणवीसांचा तो उभट, बारीक चेहरा आपल्या मनात आहे, तो बराचसा वेल्समुळे.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली आणि तिथे आपल्या लोकांना पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकवले जाऊ लागले. तिथे तयार झालेल्यांपैकी एकाचे नाव आपल्याला माहीत आहे : गंगाराम चिंतामण तांबट. त्याने वेल्सचा मदतनीस म्हणून काम केले, वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि नोव्हेंबरात वेल्स. ती चित्रशाळा टिकली नाही. शिकवणारा गेला की विद्या थांबली, असे तेव्हा झाले.

पुढची गोष्ट महाराष्ट्राबाहेरची आहे, पण तिच्याशिवाय आपली पुरी होत नाही. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा मूळचा डेन्मार्कचा चित्रकार त्रावणकोरच्या राजघराण्याची चित्रे काढायला आला. रविवर्मा तेव्हा वीस वर्षांचे होते. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांना तैलरंग येत होते, पण त्यांनी ते रविवर्म्यांना शिकवायला नकार दिला. नायडूंचाच एक शिष्य रात्री गुपचूप येऊन रंग कसे कालवायचे ते दाखवून जायचा, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. जेन्सननेही धडे दिले नाहीत. त्याने फक्त काम करताना बसून पाहायची परवानगी दिली. रविवर्मा बसले, पाहिले आणि घरी जाऊन चुकत चुकत शिकले.

तैलरंगात लपवण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न मलाही पडला होता. जवसाचे तेल आणि रंगाची भुकटी, एवढाच तर मामला. पण हाताने करून पाहिल्यावर कळते. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा हवा आणि वरचे थर क्रमाने जास्त तेलाचे. उलटे झाले तर वरचा थर आधी ताठ होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा जातात. माझ्या पहिल्या चित्राला आठ महिन्यांत तडे गेले. दुसरे जुलैत काढले, ते तीन आठवडे चिकटच राहिले आणि त्यावर दोन चिलटे कायमची बसली. गडद भाग पातळ ठेवायचा, उजेडाचा भाग जाड लावायचा. डोळ्याचा पांढरा भाग पांढऱ्या रंगाने काढायचा नाही, तो करडा असतो. गालाच्या गव्हाळ रंगात पिवळी माती, थोडा तांबडा आणि पांढरा येतो, पण जबड्याखालच्या सावलीत किंचित हिरवट झाक लागते. हे एकेक वाक्य म्हणजे कोणाच्या तरी काही वर्षांच्या चुका आहेत. ज्याला ते कोणी सांगत नाही, त्याला त्या चुका पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.

ही विद्या दरबारांतून आणि घराण्यांतून बाहेर काढून वर्गात आणण्याचे काम मुंबईत झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ साली त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. सुरुवातीला हेतू होता चांगले कारागीर तयार करण्याचा. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळात विद्यार्थ्यांचा एक चमू अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घ्यायला नेला जाऊ लागला. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे नंतर व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. गोव्यातल्या सांगे इथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद इथेच शिकले आणि इथेच शिकवू लागले. त्यांना 'पूर्वेचे रेम्ब्रां' म्हणत. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९२० साली त्यांच्या 'फ्लोरा' या चित्राला मिळाले. ते त्यांच्या पत्नीचे चित्र आहे. त्यांची बरीच चित्रे आता पणजीला पाहायला मिळतात. मी दोनदा खास त्यासाठी गेले आणि दोन्ही वेळा अंधाऱ्या भागात त्यांनी रंग किती पातळ ठेवला आहे, तेच पाहत राहिले.

आपल्या भागाचा संबंध इथे येतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले आणि तिथेच शाळा शिकले. १८९० साली ते जे. जे. मध्ये दाखल झाले. विद्यार्थी म्हणून आणि मग शिक्षक म्हणून त्यांची तिथे एक्केचाळीस वर्षे गेली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावही तेच आहे, 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. त्यांची कन्या अंबिका धुरंधर हिने १९३१ साली जे. जे. ची पदविका घेतली. त्रिंदादांची कन्या अँजेला हीही तिथेच शिकली. मुलीने चित्रकला शिकायची तर घरात चित्रकार बाप असणे ही तेव्हा जवळजवळ पूर्वअट होती, हे या दोन नावांवरून दिसते. आमच्या बाईंच्या घरी कोणी चित्रकार नव्हते. त्यांच्यापर्यंत काळ तेवढा पुढे आला होता.

मुंबईला जाऊन शिकून परत येणारेही होते. आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या पदरी राहिले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ यांची त्यांनी केलेली चित्रे आजही चित्रकार जवळ जाऊन पाहतात. महाराज १९२२ साली गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते वारले.

आणि मुंबईला न जाताही हे शिकणारे होते, तेही कोल्हापूरचेच. आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते पाश्चात्त्य पद्धतीचे चित्र काढायला शिकले. साधारण १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचे नाव पहिल्या रांगेत होते. आनंदराव १९१६ साली अकाली गेले. बाबूरावांनी पुढे स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखू लागले. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. हे मला फार जवळचे वाटते. वर्ग नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. रंगाचा डबा उचलायचा, पडद्याच्या चौकटी आखून द्यायच्या आणि मालकाचा हात पाहत राहायचे. जेन्सनच्या खोलीत रविवर्मा जसे बसले, तसेच. फरक एवढाच की इथे पाहणाऱ्याला कोणी परके मानत नव्हते.

तिसरा रस्ता सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी खुला केला. ते सावंतवाडीचे. शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी त्यांचा हात ओळखला आणि संस्थानच्या मदतीने १९०३ साली त्यांना जे. जे. मध्ये पाठवले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला. असे वर्ग आणि 'ड्रॉइंग टीचर'च्या परीक्षा यांतून जी माणसे बाहेर पडली, ती गावोगावच्या हायस्कुलांत चित्रकलेचे मास्तर झाली. हळदणकरांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे हातात समई घेतलेली स्त्री. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते तैलरंगातले नाही, जलरंगातले आहे. त्या चित्रासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी पुढे कोल्हापुरात राहिली. तरीही कितीतरी लोक ते चित्र रविवर्म्याचे म्हणून सांगतात. सही शाबूत असलेल्या चित्राचे असे होते, तर आपल्या 'कर'चे काय होणार!

एवढे वाचून झाल्यावर मी दिवाळीच्या सुट्टीत गावी आले आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने सहा दिवस सभागृहात बसले. जुन्या काळी विद्यार्थी मोठ्या चित्रांची नक्कल करून शिकत. बाई म्हणाल्या होत्या, "फोटोवरून ओळखू नकोस. समोर बसून कॉपी कर, म्हणजे त्याने काय केलं ते तुझ्या हाताला कळेल." तसे केले आणि खरेच काही गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट, टोपीच्या वरच्या बाजूला रंग अगदी पातळ आहे आणि तिथे तिरका उजेड पाडला की पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. चौकटी आखून लहान चित्र मोठे केलेले आहे. पडदे आणि बॅनर रंगवणाऱ्यांची ही नेहमीची रीत. दुसरी गोष्ट, भेगांतून खाली तपकिरी थर दिसतो. म्हणजे आधी एकाच रंगात छायाप्रकाश बसवून घेतला, मग वर कातडीचे रंग चढवले. हे शिकवलेले काम आहे. तिसरी गोष्ट, मला चित्रात निळा रंग कुठेच सापडला नाही. उपरण्याच्या सावलीतला निळसरपणा काळ्या आणि पांढऱ्याच्या मिश्रणातून आलेला आहे. निळा परवडत नसेल किंवा लागतच नसेल. चार-पाच रंगांत त्याने सगळे भागवले आहे.

चौथी गोष्ट कळायला चार दिवस गेले. चेहऱ्यावरचा उजेड समोरून पडलेला आहे, सपाट, स्टुडिओतल्या फोटोत असतो तसा. कार्यालयात गुरुजींचा जुना फोटो आहे, तोच चेहरा, त्याच कोनातला. तो छातीपाशी संपतो. पण पुस्तकावरच्या हातावर उजेड एका बाजूने येतो, खिडकीतून यावा तसा. चेहरा सत्तरीचा आहे आणि हात तिशीतल्या माणसाचा. शिरा नाहीत, सुरकुत्या नाहीत, नखांवर ताजी चमक. संध्याकाळी बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारले, "कुठला हात आहे गं? डावा ना?" डावाच होता. "मग झालं तर. फोटोत हात नाही, गुरुजी हयात नाहीत. उजव्या हातात ब्रश. समोर ठेवायला दुसरं काय असणार त्याच्याकडे? आम्हीही असंच करायचो."

खात्री देता येत नाही, पण मला तेच खरे वाटते. सही पुसली गेली. गुरुजींच्या पुस्तकावर ठेवलेला हात मात्र बहुधा त्या चित्रकाराचाच आहे.

त्या सभागृहात बसले असताना आपल्या चित्रकलेच्या सरांची सारखी आठवण येत होती. ते शाळेत आले १९६३ च्या बऱ्याच नंतर, तेव्हा चित्र त्यांचे नाही. नववीत त्यांनी आपल्याला रांगेने या चित्रासमोर आणून उभे केले होते, आठवते का? "डोळे बारीक करा, निम्मे मिटा. आता नाक दिसायला नको, नुसता उजेड आणि अंधार दिसायला हवा." आपण डोळे मिचकावत एकमेकांना ढोसत होतो. आता दर रविवारी मी तेच करते. निम्म्या मिटलेल्या डोळ्यांनी बारकावे विरतात आणि उजेडाचे मोठे आकार उरतात. त्यावरच सगळे चित्र उभे राहते. जे शिकायला मी पंचेचाळिशीच्या आसपास पुण्यात फी भरते आहे, ते सर आपल्याला चौदाव्या वर्षी फुकट देत होते.

दहावीत चित्रकलेचा तास गणिताला देण्यात आला. बहुतेकांना वाटते की तो शाळेने काढून घेतला. तसे नाही. तो मागणारा अर्ज वर्गाच्या वतीने मी लिहिला होता, खाली पहिली सही माझी होती. मला गणितात शंभरपैकी शंभर हवे होते आणि ते मिळालेही नाहीत. त्यानंतरच्या सोमवारी सर सवयीने आपल्या वर्गाच्या दारापर्यंत आले, फळ्यावर समीकरण पाहिले, "असू दे, असू दे" म्हणाले आणि परत फिरले. इलेमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवून त्यांनी किती मुलांना जे. जे. ला आणि कोल्हापूरच्या कलाशाळांत पाठवले, ते या अंकात इतरांनी लिहिले असेल. मी त्यांच्याशी या विषयावर कधी बोलले नाही आणि आता ते नाहीत. शनिवारवाड्यातली चित्रशाळा बंद पडली, ती शिकवणारा गेला म्हणून. आमच्या वर्गात शिकवणारा दारात उभा होता आणि तास आम्ही बंद केला. त्या अर्जावरची माझी सही अजून कुठल्यातरी फायलीत शाबूत असेल.

आता कामाचे. प्रिंटचे काम मी समितीला करून दिले आहे, ती प्रिंट कार्यालयात लागेल. मूळ चित्र सभागृहातच राहावे, अशी विनंती मी केली आणि समितीने ती मान्य केली, याबद्दल मनापासून आभार. चित्राची दुरुस्ती मात्र घाईने कोणी करू नये, मीही नाही. नवा रंग लावून जुने झाकणे सोपे असते. काळपटपणा आहे तो बराचसा पिवळ्या पडलेल्या वार्निशचा आणि साठ वर्षांच्या धुराचा असावा, त्याखाली रंग चांगला असेल. ते काढणे हे जाणकाराचे काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रसंवर्धनाचे केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारूनच पुढे जावे. खर्चातला वाटा आमची बॅच उचलेल. तोवर तीन पथ्ये पाळली तरी पुष्कळ : ओले फडके लावायचे नाही, खिडकीचे ऊन थेट पडू द्यायचे नाही, उदबत्ती चित्राखाली लावायची नाही. आणि हार चित्राला न घालता खाली टेबलावर ठेवायचा. गुरुजींना त्यात कमीपणा वाटणार नाही.

माझी नक्कल माझ्या घरी आहे. डोळे या वेळी जागेवर आले, ओठ मात्र जमलेले नाहीत. हातासाठी मी माझा डावा हात समोर ठेवला होता.

आणखी एक मागणे आहे. मेळाव्याला याल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या. १९६३ च्या सुमारास आपल्या गावात किंवा आसपास नाटकाचे पडदे, दुकानांच्या पाट्या, गणपतीची आरास रंगवणारा, फोटोवरून तैलचित्र काढून देणारा, आडनावाच्या शेवटी 'कर' असलेला कोणी चित्रकार होता का? कदाचित तो दुसऱ्या एखाद्या शाळेत ड्रॉइंग मास्तर असेल. कोणाच्या घरी आजोबांचे असेच एखादे चित्र असेल, तर त्याचा उजवा कोपरा पाहा, हार असेल तर बाजूला करून पाहा. नाव सापडले तर समितीला कळवा. चौकटीखाली लावायची पितळी पट्टी मी करून घेतली आहे. तिच्यावर सध्या फक्त '१९६३' कोरले आहे, वर एका ओळीची जागा मोकळी ठेवली आहे.

(१९९५ ची दहावी, 'ब' तुकडी)